बिल्ल्यावरची बदली

जिनिंगमधल्या माणसांची फुफ्फुसं तपासायला नागपूरहून डॉक्टर लोक आले, तेव्हा सगळ्यात आधी हसले ती मी. माझा नवरा विनोद लग्नाच्या आधीपासून पांढुर्ण्याच्या एका कापूस जिनिंगमध्ये फिटर आहे. संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा कापूस बसलेला असतो. येतो, खोकतो, चहा पितो, पुन्हा खोकतो. त्या खोकल्याची मला इतकी सवय झाली होती की एखाद्या संध्याकाळी तो ऐकू आला नाही तर मी स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, आहात ना?" मग त्याच्या छातीत काय आहे हे शोधायला एवढं मोठं मशीन कशाला? कापूस आहे, मला विचारा. हे मी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं आणि सगळ्या मॅडम खळखळून हसल्या.

अभ्यास असा होता. ज्यांनी जिनिंगच्या धुळीत बरीच वर्षं काढली त्यांना गाडीत बसवून नागपूरला न्यायचं, छातीचा सीटी स्कॅन करायचा आणि सहा महिन्यांनी तोच स्कॅन पुन्हा करायचा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून आत काय बदललं ते पाहायचं. शिवानी मॅडम म्हणून एक तरुण डॉक्टर जिनिंगच्या फाटकाशी टेबल मांडून प्रत्येकाला समजावून सांगत होत्या. एक गोष्ट त्या सगळ्यांना आवर्जून सांगत. कोणाचं नाव कुठे येणार नाही, प्रत्येकाला एक नंबर मिळेल, फोटो बघणाऱ्या डॉक्टरांनाही फक्त नंबर दिसेल, माणूस कोण ते कळणार नाही. कोणाचा आजार चव्हाट्यावर येऊ नये म्हणून केलेली ती सोय होती, आणि चांगलीच सोय होती.

पण जिनिंगच्या माणसाला नंबर म्हटलं की बिल्ला आठवतो, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार? आमच्याकडे सीझनमध्ये प्रत्येक कामगाराला नंबर टाकलेला पत्र्याचा बिल्ला मिळतो. ज्याचा बिल्ला, त्याची जागा. तो आजारी पडला, त्याच्या घरी लग्न निघालं, तर त्याचा भाऊ नाहीतर साळा तोच बिल्ला छातीला लावून कामावर उभा राहतो. ह्याला बिल्ल्यावरची बदली म्हणतात. मुकादम बिल्ला बघतो, तोंड बघत नाही. आणि बदलीवर आलेल्या माणसाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण आज त्याच्यावर आलेली वेळ उद्या आपल्यावर येणार असते.

पहिला स्कॅन थंडीत झाला. त्यानंतर शिवानी मॅडमनी आम्हा दोघांना जिनिंगच्या ऑफिसमध्ये बोलावलं आणि लॅपटॉप उघडला. फुफ्फुसं काळी दिसत होती, आत झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक पांढऱ्या रेषा होत्या. उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, एक पांढरा ठिपका होता. मुगाच्या दाण्याएवढा. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "असे डाग पुष्कळांना असतात. बहुतेक वेळा जुन्या एखाद्या इन्फेक्शनची खूण असते, पुढे काही होत नाही. पण सहा महिन्यांनी हा परत बघायचाच. तेवढाच राहिला तर चिंता नाही. वाढला, तर लवकर सापडला म्हणून उपाय करता येईल. दुसरा स्कॅन चुकवायचा नाही, विनोदभाऊ."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस घाबरणं कसं थांबवतो हे मला अजून कळलेलं नाही. घरी आल्यावर मी चहा टाकला आणि विनोद ओट्याशी येऊन हळूच म्हणाला, "आईले सांगू नोको." मी सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांना त्या दुपारीच सगळं कळलं, कारण जिनिंगमधली अर्धी माणसं आमच्या गल्लीत राहतात.

ते सहा महिने कसे काढले ते माझं मला माहीत. अख्खे मूग घरात शिजवायचे मी बंद केले. डब्यातून दाणे ताटात ओतले की माझं लक्ष एकाच दाण्यावर जायचं. वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावायचं आणि आपण खिडकीबाहेर बघत बसायचं, असं माझं चाललं होतं. विनोदचं निराळंच. तो डागाबद्दल बोलायचा नाही, पण केशवरावांबद्दल बोलायचा. केशवराव त्याच्या शेजारच्या मशीनवर होते. छातीत दुखतं म्हणून त्यांनी नागपूरला फोटो काढला, आणि पुढच्या संक्रांतीला ते नव्हते.

"चांगला हिंडत-फिरत होता माणूस," विनोद म्हणायचा. "फोटो काढला अन् गेला."

"फोटोनं नाही गेले ते. आजारानं गेले."

"आजार तं पहिलेपासूनच होता ना वं? तवा कुठं मेला? माहीत पडलं अन् मेला."

मी डोक्याला हात लावायची. एवढा मोठा फिटर, मशीनचा आवाज ऐकून कोणतं बेअरिंग गेलं ते सांगणारा, आणि अक्कल अशी. चिडून मी म्हणायची, "म्हणजे मशीन खोललंच नाही तर ते बिघडलेलं नसतं, असं का?" त्यावर तो काही बोलायचा नाही. आता वाटतं, त्या गप्प बसण्याकडे मी नीट लक्ष द्यायला हवं होतं. पण मलाही धीर हवा होता, आणि चिडलं की मला थोडा धीर येतो.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी मी त्याला इस्त्रीचा शर्ट दिला. तो फाटकापर्यंत गेला, मी शाळेत गेले. संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "झालं." मी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, तसंच, त्या गोल मशीनमध्ये घालतात, श्वास घ्या म्हणतात, रोका म्हणतात, सोडा म्हणतात. मी देवापुढे दिवा लावला.

रिपोर्ट आला तेव्हा मी शाळेत होते. विनोदचा फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं. माझ्या हातातला खडू खाली पडला.

"काय झालं? बोला ना!"

"साफ आहे म्हणते," तो म्हणाला. "डागच नाही म्हणते."

मी वर्गातच रडले. मुलं घाबरली, शेजारच्या वर्गातल्या मॅडम धावत आल्या आणि त्यासुद्धा रडायला लागल्या. सुट्टीत मी अख्ख्या शाळेला पेढे वाटले. घरी गेले तर सासूबाई नारळाची पिशवी भरून तयारच. जामसावळीच्या मारुतीला त्यांनी नवस बोलला होता, मला न सांगता. त्या शनिवारी आम्ही सगळे सौंसरच्या बाजूला जामसावळीला गेलो. सासूबाई, मी, विनोद आणि धाकटे दीर प्रकाशभाऊ. प्रकाशभाऊ संत्र्याच्या मंडीत काम करतात. दोघा भावांची उंची, चाल, केस विरळ व्हायची तऱ्हा अगदी एक. पाठमोरे असले की सासूबाईसुद्धा चुकीच्या मुलाला हाक मारतात.

देवळात गर्दी होती. नारळ फोडायला सासूबाईंनी विनोदला पुढे केलं. त्याने नारळ हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. मागचे लोक ओरडायला लागले.

"फोडा ना," मी म्हटलं. "मारुतीनं तुमचा डाग पुसला, तुम्हाला नारळ फोडवत नाही?"

त्याने नारळ प्रकाशभाऊंच्या हातात दिला. "तू फोड," म्हणाला. प्रकाशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि एका घावात नारळ फोडला. मला वाटलं, आनंदाने हात चालत नसेल. परत येताना गाडीत मी नवऱ्याची खूप चेष्टा केली. तो हसला, पण ते हसणं तोंडापुरतंच होतं.

पुढचे काही आठवडे मी मोकळा श्वास घेतला. मूग पुन्हा शिजायला लागले. पण खोकला थांबला नाही. उलट त्यात एक कोरडा, आतून ओढून आणल्यासारखा आवाज येऊ लागला. पँटच्या पट्ट्याला एक नवीन भोक पाडावं लागलं. मी विचारलं की तो म्हणायचा, "रिपोर्ट साफ आहे ना वं? मंग कायले फिकर करतं?" हे तो इतक्या ठामपणे म्हणायचा की मी गप्प बसायची. मात्र एकदा ताटावर बसलेला असताना त्याला उबळ आली, त्याने रुमाल तोंडाला लावला आणि रुमाल मला न दाखवता खिशात घातला. मी रुमाल मागितला. तो म्हणाला, "जेवू दे." मी धुवायच्या कपड्यांत तो रुमाल शोधला. मिळाला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी शिवानी मॅडम आमच्या दारात उभ्या राहिल्या. कळवून आल्या नव्हत्या. मी त्यांना आत घेतलं, सासूबाईंनी पाणी दिलं. विनोद खाटेवर पेपर वाचत होता, तो उठून बसला. प्रकाशभाऊ नुकतेच आंघोळ करून आले होते, बनियनवरच दाराशी केस पुसत होते.

मॅडम ग्लास हातात धरून बसल्या. प्यायल्या नाहीत.

"विनोदभाऊ, एक विचारायचं होतं. मागच्या वर्षभरात तुम्ही कुठे पडला होता का? अपघात वगैरे?"

"नाही," विनोद म्हणाला.

"किंवा त्याआधी कधी हाड मोडलं होतं? इथलं?" त्यांनी स्वतःच्या गळ्याखाली, डाव्या खांद्याकडे जाणाऱ्या आडव्या हाडावर बोट ठेवलं.

"नाही ना."

"काय झालं मॅडम?" मी विचारलं.

"तुमचा डाग नाहीसा झाला म्हणून आम्ही सगळे खूश होतो," त्या म्हणाल्या. "असं होतं कधीकधी. आमच्या सरांनी परवा दोन्ही स्कॅन पुन्हा शेजारी लावले. सर हाडंही बघतात. पहिल्या स्कॅनमध्ये डावीकडचं हे हाड अखंड आहे. दुसऱ्या स्कॅनमध्ये ते मोडून जुळलेलं आहे, आणि ते जुळणं पुष्कळ जुनं आहे, दहा-बारा वर्षांपूर्वीचं तरी असेल. डाग जाऊ शकतो. पण सहा महिन्यांत इतकं जुनं मोडलेलं हाड कुठून येणार?"

मॅडमना उत्तर हवं होतं. मला ते समोर उभं दिसत होतं. ओल्या बनियनवर, प्रकाशभाऊंच्या डाव्या खांद्यापाशी, गळ्याखालच्या हाडावर सुपारीएवढा उंचवटा. गोटमारीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं एकमेकांवर दगड मारतात त्या जत्रेत, जाम नदीत उतरून सावरगाववाल्यांशी खेळताना त्यांना दगड लागला होता. लग्न होऊन मी ह्या घरात आले त्याच वर्षी. त्यांच्या खांद्याला मीच हळद लावली होती.

मी उठले. प्रकाशभाऊंचा दंड धरून त्यांना ओढत मॅडमच्या समोर आणलं आणि उंचवट्यावर बोट ठेवलं.

"हेच ना हाड?" मी म्हटलं.

सासूबाई आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. प्रकाशभाऊंचे डोळे भरून आले.

"वहिनी, गाडी सुटाच्या टाइमाले दादानं फोन करून फाटकावर बोलावलं. म्हणे मशिनी खोलून ठेवल्या, शेठ सोडून नाही राहिला," ते म्हणाले. "म्हणे, तू जाऊन माह्या नंबरवर झोपून ये, त्याईले नंबरच पाहिजे. मी म्हटलं हाजरी लावाची असन. आपल्यात तं चालतेच ना असं. डागाचं आयकलं होतं मी, पण हा फोटो त्याच डागासाठी आहे, हे त्यानं नोतं सांगतलं. जामसावळीले गेलो तवा समजलं मले. मंग दादानं देवाची आण घातली."

"गाडीतल्या बाकीच्यांनी काही सांगितलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"कायले सांगतीन मॅडम? बदलीवर होतो ना मी."

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. त्या दिवशी त्या स्वतः सुट्टीवर होत्या, असं त्या म्हणाल्या. नवीन माणूस होता, त्याने कार्डावरचा नंबर पाहिला, माणसाचं तोंड पाहिलं नाही. "चूक आमचीच आहे," असं त्या म्हणाल्या. पण माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मी नवऱ्याकडे बघत होते.

डोक्यात अशी तिडीक गेली होती की हातात येईल ते फेकून मारलं असतं. "काहून केलं असं?" मी ओरडले. रागात माझी शाळेतली भाषा गळून पडते. "काहून? कामाचा बहाणा होता, होय ना? सांगा!"

विनोदने पेपरची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"मले भेव लागलं," तो म्हणाला. "गाडी उभी होती. मी पायरीवर पाय ठेवला, अन् मले केशवराव दिसला. दुसरा पायच नाही उचलला माहा."

"अन् रिपोर्ट साफ आला तवा? तवा तरी सांगाचं! मी शाळेत पेढे वाटले, हो!"

"रिपोर्टवर नंबर माहाच होता ना वं," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पहिले पहिले माहीत होतं मले, हा आपला नाही. मंग तुम्ही सगळे खूश झाले. आई खूश झाली. मलेही वाटाले लागलं, असनच साफ. खरंच वाटाले लागलं, धनश्री."

तो मला नावाने कधी हाक मारत नाही. माझा राग त्या एका हाकेने ओसरला आणि त्याच्या जागी जी भीती आली ती ह्या आधीच्या सगळ्या भीतीहून वाईट होती. डाग गेलेला नव्हता. तो इतके महिने तिथेच होता, माझ्या घरात, माझ्या शेजारी, आणि आम्ही त्याच्यासाठी नारळ फोडून आलो होतो.

मंगळवारी सकाळच्या गाडीने आम्ही नागपूरला निघालो. प्रकाशभाऊ आले. मी त्यांना येऊ नका म्हटलं तरी आले. विनोदला मी खिडकीशी बसवलं आणि त्याच्या बाजूला अशी बसले की माझे पाय ओलांडल्याशिवाय त्याला उठता येऊ नये. तो काटोलच्या आसपास म्हणाला, "पाणी घेऊन येतो." मी पिशवीतली बाटली काढून दिली. तो थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिला आणि ओशाळं हसला. मला हसू आलं नाही.

हॉस्पिटलमध्ये शिवानी मॅडम आमची वाट बघत होत्या. ह्या वेळी त्यांनी नंबर विचारला नाही. पूर्ण नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आधार कार्डावरचा फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला. विनोद शर्ट काढून हॉस्पिटलचा हिरवा झगा घालून आला. त्या झग्यात तो इतका बारीक दिसत होता की मी नजर वळवली.

"मला आत बसू द्या," मी मॅडमना म्हटलं. "मशीनच्या खोलीत नाही, काचेच्या अलीकडे. तो झोपलेला मला माझ्या डोळ्यांनी बघायचा आहे."

असं कोणाला बसू देत नाहीत. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या माणसाशी काही बोलल्या आणि मला एक स्टूल दिलं. जाड काचेच्या पलीकडे तो मोठा पांढरा गोल होता आणि त्याच्यातून बाहेर आलेल्या अरुंद पलंगावर माझा नवरा उताणा पडला होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. त्याने मान वळवून काचेकडे पाहिलं. मी हात हलवला. मी त्याला दिसले की नाही, कोण जाणे.

पलंग सरकत आत गेला. यंत्रातून एका बाईचा आवाज आला. श्वास घ्या. रोका. मीही श्वास रोखला. त्याच्याआधी मला खोकला येईल की काय अशी भीती वाटली. श्वास सोडा, असं ती बाई म्हणाली तेव्हा मीही सोडला.

समोरच्या पडद्यावर चित्रं येऊ लागली. मला डॉक्टरी कळत नाही. पण कुठे बघायचं ते मला पाठ होतं. सहा महिने मी ती एकच जागा डोळ्यांपुढे ठेवून जगले होते. उजवी बाजू, वरचं अंग. काळ्या फुफ्फुसाचे काप एकामागून एक सरकत होते, वरून खाली. बारीक पांढऱ्या रेषा, पुन्हा रेषा, आणि मग ते आलं.

मूग नव्हता तो आता. बोराएवढा होता. कडेने त्याला बारीक काटे फुटल्यासारखे दिसत होते.

शिवानी मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि चित्र थांबवलं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मला दिसलं आहे हे त्यांना कळलं.

"मी सरांना बोलावते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधी ते बघू देत. मग आपण तिघं बसू. ह्याच्या पुढे उपाय असतात. तुम्ही बाहेर बसा, विनोदभाऊ कपडे घालून येतीलच. त्यांना आत्ता काही सांगितलं नाही तरी चालेल. मी सांगीन."

मी बाहेर आले. लांब बोळ होता, बाकं होती, माणसं होती. कपडे बदलायच्या खोलीचं दार समोरच. आतून खोकल्याचा आवाज येत होता. तो दोन मिनिटांत बाहेर येणार होता आणि माझ्या तोंडाकडे बघणार होता. मी त्याला काय सांगणार होते? रविवारी त्याच्यावर ओरडले होते ती मीच का, असं मला वाटलं. पळून जावं, जिन्याने उतरून रस्त्यावर जावं, कोणत्याही बसमध्ये बसावं, माहेरी रामाकोन्याला जावं, असं काहीबाही मनात येत होतं.

बाकावर प्रकाशभाऊ बसले होते. मला बघून उठले.

"वहिनी?"

आणि मी खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात एकच गोष्ट आली. ह्यांनाच पाठवावं. ह्यांनीच जाऊन सांगावं, मी इथे बाकावर बसते. शब्द ओठांपर्यंत आले होते. दोघं भाऊ आहेत, एकमेकांना सांगतील, मी कोण, असंसुद्धा मी स्वतःला सांगून पाहिलं. त्या गाडीच्या पायरीवर विनोदचा पाय का उचलला नाही ते मला तेव्हा कळलं. कळून काही उपयोग नव्हता.

"तुम्ही इथंच थांबा, प्रकाशभाऊ," मी म्हटलं.

दार उघडलं. विनोद शर्टाची बटणं लावत बाहेर आला. एक बटण वर-खाली झालं होतं. काम संपल्यासारखा तो मोकळा दिसत होता. केसांवरून हात फिरवला, माझ्याकडे बघून हसला.

"झालं एकदाचं," तो म्हणाला. "ह्यावेळी मीच होतो, पाह्यलं ना? काय म्हणते मॅडम? साफ असन ना?"

मी त्याच्या शर्टाचं चुकलेलं बटण सोडवलं. त्याने माझे हात धरले.

"नाही," मी म्हटलं. "आहे. वाढला. मी पाह्यला."

तो तसाच उभा राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, त्याला जायला वेळ लागला. मागे बाकावर प्रकाशभाऊंच्या रडण्याचा आवाज आला. विनोदने मान वळवून भावाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"उशीर झाला काय वं?" त्याने विचारलं.

मला त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. मी तसं त्याला सांगितलं. बोळाच्या टोकाला शिवानी मॅडम एका म्हाताऱ्या डॉक्टरांना घेऊन येताना दिसल्या, आणि विनोदने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली.